पाइप भरण्यापूर्वी

गेल्या दिवाळीच्या आधी टिळकवाडीतील आमच्या घराची साफसफाई चालू असता, सुट्टीसाठी पुण्याहून आलेल्या आमच्या नातवाला माळ्यावर शिसवी लाकडाची एक पेटी सापडली. आत जुन्या मखमलीत गुंडाळलेले पाच पाइप होते. नातू सत्तावीस वर्षांचा, संगणकाच्या कंपनीत नोकरीला. त्याने एकेक पाइप उलटसुलट करून पाहिला, नाकाशी नेला, आणि अगदी सहज विचारले, "आजोबा, मला शिकवाल का? सुरुवात करायची तर पहिला पाइप कसला घ्यावा? तंबाखू कोणती घ्यावी?"

आम्ही पस्तीस वर्षे बेळगावात तत्त्वज्ञान शिकविले. नीतिशास्त्राच्या तासाला विद्यार्थ्यांना अडचणीत टाकणारे प्रश्न विचारणे हा आमचा आवडता उद्योग होता. पण या प्रश्नाने आम्हीच गप्प झालो. "संध्याकाळी बोलू," एवढेच म्हणालो आणि दिवसभर त्या प्रश्नाभोवती फिरत राहिलो.

उत्तरे दोन होती आणि दोन्ही सोपी होती. "वाईट सवय आहे, पेटी ठेवून दे," हे एक. ते खरे होते. परंतु तीस वर्षे रोज पाइप ओढलेल्या माणसाने ते उपदेशकाच्या सुरात सांगणे शोभले नसते. "बैस, दाखवितो," हे दुसरे. त्यात प्रेम होते, आणि नातवाने काही शिकायला मागावे याचा आनंदही होता. परंतु ज्या सुखाची किंमत आपण जाणतो, ते सुख दुसऱ्याच्या हाती द्यावे काय? आणि द्यायचे नसेल, तर त्याविषयीचे ज्ञान तरी त्याच्यापासून राखून ठेवण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? हा प्रश्न केवळ पाइपचा नाही. प्रत्येक घरात वडीलधाऱ्यांकडे अशी एखादी पेटी असतेच.

प्रथम आम्हांला जे ठाऊक आहे ते सांगतो. अज्ञानातून केलेला निषेध फार काळ टिकत नाही.

पाइपची गोष्ट मातीपासून सुरू होते. सतराव्या शतकातील युरोपात पांढऱ्या मातीचे लांब दांडीचे पाइप सर्वत्र होते. स्वस्त आणि ठिसूळ. पुढे मीरशॉम आला. या नावाचा जर्मन भाषेतील अर्थ 'समुद्राचा फेस'. हे पांढरे, सच्छिद्र आणि हलके खनिज तुर्कस्तानातील एस्किशेहिरच्या परिसरात खणून काढतात. त्यावर कोरीवकाम उत्तम होते, आणि वापरता वापरता त्याचा पांढरा रंग मधासारखा पिवळा व पुढे तपकिरी होत जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समधील जुरा पर्वताच्या कुशीतील सेंट क्लोद या गावी ब्रायरचे पाइप होऊ लागले, आणि पाहता पाहता ब्रायरने इतरांना मागे टाकले. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठी उगवणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी असलेली गाठ. ही गाठ वाढायला काही दशके लागतात. ती खणून, चिरून, तासन्तास पाण्यात उकळतात आणि मग महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, वाळवीत ठेवतात. खडकाळ आणि कोरड्या जमिनीत वाढलेले हे लाकूड आगीला सहजासहजी दाद देत नाही. आपल्या पोटात निखारा ठेवून न जळणारे लाकूड, हे त्याचे वैशिष्ट्य.

ब्रायरची किंमत बव्हंशी त्याच्या रेषांवर ठरते. उभ्या, सरळ रेषा असतील तर पाइप महाग. कोठे डाग बुजविलेला असेल तर स्वस्त. चवीचा या रेषांशी फारसा संबंध नसतो. पाहायचे ते वेगळेच असते. दांडीतून येणारे छिद्र वाटीच्या अगदी तळाशी, मध्यावर उघडते की नाही? पाइप साफ करण्याची मऊ तार दांडीच्या टोकापासून वाटीपर्यंत न अडखळता जाते की नाही? वाटीची भिंत पुरेशी जाड आहे काय? आणि दातांत धरल्यावर जबड्याला त्याचे ओझे वाटते काय? वाकड्या दांडीचा पाइप दातांना हलका वाटतो. सरळ दांडीचा साफ करायला सोपा. ज्यांना नुसते शिकून पाहायचे आहे, त्यांच्यासाठी मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचा पाइप आहे. अमेरिकेत मिसूरी राज्यातील वॉशिंग्टन या गावी 1869 सालापासून ते तयार होतात. जनरल मॅकआर्थर यांच्या छायाचित्रांमुळे तो जगाला ठाऊक झाला. तो स्वस्त आणि हलका असतो, आणि पहिल्या दिवसापासून नीट चालतो. आमचे थोरले काका सैन्यात डॉक्टर होते. त्यांनी 1969 साली आम्हांला आमचा पहिला पाइप दिला. तेव्हा म्हणाले होते, "पहिला पाइप हरवला, जळाला तरी हळहळ वाटू नये असा असावा. निवड दुसऱ्यापासून सुरू होते."

तंबाखूचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. व्हर्जिनिया जातीचे पान बंद भट्टीत गरम हवेवर वाळवितात, त्यामुळे त्यात साखर राहते. ती गोड लागते, पण घाईने ओढली तर जीभ पोळते. बर्लीचे पान सावलीत, मोकळ्या हवेवर वाळते. त्यात साखर जवळजवळ नसते आणि दुसऱ्याचा सुगंध ते चटकन शोषून घेते. सीरियातील बंदराचे नाव मिळालेली लताकिया लाकडाच्या धुरावर धरलेली असते. तिचा वास होमकुंडाशेजारी बसल्यासारखा. लुइझियानातील सेंट जेम्स परगण्यातील पेरीक पिंपांत दाबून आपल्याच रसात आंबविलेली असते. मिरपुडीसारखी ती चिमूटभरच मिसळायची. कॅव्हेन्डिश ही जात नव्हे, कृती आहे. वाफ, दाब आणि बहुधा व्हॅनिलासारखा एखादा सुगंध हे तिचे घटक. नवशिक्या माणूस डबीचा वास घेऊन हीच निवडतो आणि आठवड्याभरात पोळलेली जीभ घेऊन येतो. डबीतला वास आणि तोंडातली चव या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मग भरण्याची कला. पाइप तीन थरांत भरावा. पहिला थर बालकाच्या हाताने, दुसरा स्त्रीच्या हाताने, तिसरा पुरुषाच्या हाताने, अशी जुनी शिकवण आहे. भरून झाल्यावर न पेटविता एक झुरका घेऊन पाहावा. हवा किंचित अडखळत आली पाहिजे, अडता कामा नये. पहिली काडी वर्तुळाकार फिरवावी. तंबाखू फुलून वर येते, ती हलकेच दाबावी, आणि मग दुसरी काडी लावावी. पहिला अग्नी तयारीचा, दुसरा खरा. मराठीत आपण विडी ओढतो, तंबाखू मळतो, चघळतो. पाइपसाठी मात्र 'घोट घेणे' हाच शब्द योग्य. वाटी गालाला लावता आली पाहिजे. चटका बसला तर आपली घाई झाली असे समजावे. मध्येच विझला तर पुन्हा पेटवावा, त्यात कमीपणा नाही. एकदा ओढलेल्या पाइपला दिवसभर विश्रांती द्यावी. कालांतराने वाटीच्या आत काजळीचा थर जमतो. तो नाण्याच्या जाडीएवढा राखावा. लाकडाचे आगीपासून रक्षण तोच करतो.

हे सारे वाचताना कोणाला मोह झाला, तर तो आम्ही समजू शकतो. लिहिताना आम्हांलाही झाला. पाइपमध्ये जे चांगले होते ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. एक पाइप म्हणजे पाऊण तास. त्या पाऊण तासात हात गुंतलेले, मन मोकळे आणि घाईला मज्जाव. बेळगावचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की जून ते सप्टेंबर येथे संध्याकाळ लवकर येते आणि रेंगाळते. त्या संध्याकाळी गणिताचे आमचे एक सहकारी मित्र पडवीत येऊन बसत. दोघांचे पाइप पेटत. कधी तासभर बोलणे होई, कधी दहा वाक्येही होत नसत. पाइप ओढणाऱ्या दोन माणसांना गप्प बसण्याची मुभा असते. शांततेचे कारण त्यांना कोणी विचारीत नाही. आइन्स्टाइन यांनी 1950 साली मॉन्ट्रियलमधील पाइप ओढणाऱ्यांच्या मंडळाचे सदस्यत्व स्वीकारताना, पाइपमुळे मानवी व्यवहारांकडे शांतपणे व तटस्थपणे पाहता येते अशा अर्थाचे मत दिले होते. आम्ही आणि आमचे मित्र ते मत मोठ्या समाधानाने एकमेकांना ऐकवीत असू.

परंतु त्याच 1950 साली इंग्लंडमध्ये डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांचा, धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारा निबंध प्रसिद्ध झाला होता. तो मात्र आम्ही एकमेकांना कधी ऐकविला नाही.

येथे आम्हांला कांटची आठवण होते. कोनिग्सबर्गच्या त्या तत्त्ववेत्त्याने कर्तव्याचा विचार जितक्या कठोरपणे केला, तितका क्वचितच कोणी केला असेल. तो पहाटे पाचला उठे, पातळ चहा घेई आणि एक पाइप ओढी. दिवसाला एकच, असा त्याचा नियम होता आणि तो नियम त्याने पाळला. परंतु त्याचे चरित्रकार नोंदवितात की, जसजशी वर्षे गेली तसतशी त्याच्या पाइपची वाटी बरीच मोठी होत गेली. वर्गात ही गोष्ट सांगितली की मुले खळखळून हसत. आम्हीही हसत असू. त्या वेळी आमच्या पेटीत तिसरा पाइप आला होता, आणि तो पहिल्या दोहोंपेक्षा मोठा होता, हे मात्र आमच्या ध्यानी आले नाही.

नियम मोडला नाही, वाटी मोठी झाली. स्वतःला फसविण्याचे याहून नेमके उदाहरण आम्हांला सापडलेले नाही. इच्छा समोरून येऊन नियमाशी भांडत नाही. ती नियमाचे शब्द तसेच ठेवते आणि त्यातील माप बदलते. पाइपच्या बाबतीत तर तिला एक उत्तम सोबती मिळतो, तो म्हणजे रसिकता. आपण लाकडाच्या रेषा पाहत असतो, पानांच्या जाती पारखत असतो, दोन मिश्रणांतला फरक जाणत असतो. मग आपण व्यसनी कसे? आपण जाणकार आहोत! निवडीचे शंभर बारीक प्रश्न समोर असले की मूळचा एक मोठा प्रश्न विचारायचे राहून जाते. कोणता पाइप घ्यावा, कोणती तंबाखू घ्यावी, ती कशी भरावी, हे सारे स्वातंत्र्याचे प्रश्न वाटतात. पण ते सगळे घ्यायचे ठरल्यानंतरचे आहेत. घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्न त्यांच्या आधीचा. आणि पहिल्या काही महिन्यांनंतर तो आपल्या हाती फारसा उरत नाही.

पाइपवाल्यांचे एक ठरलेले समाधान असते, "आम्ही धूर छातीत घेत नाही." आम्हीही हेच म्हणत असू. परंतु पाइपचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा अधिक क्षारधर्मी असतो आणि त्यातील निकोटिन तोंडाच्या आतील अस्तरातूनच रक्तात उतरते. छातीपर्यंत जाण्याची त्याला गरज नसते. ओठ, जीभ, घसा, अन्ननलिका यांना तो धूर लागायचा तो लागतोच, आणि फुप्फुसेही पूर्णपणे सुटत नाहीत. दुसरे समाधान अपवादाचे. बर्ट्रांड रसेल आयुष्यभर पाइप ओढीत होते आणि सत्त्याण्णव वर्षे जगले. इतकेच नव्हे, 2 ऑक्टोबर 1948 रोजी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ त्यांचे विमान समुद्रात कोसळले तेव्हा ते धूम्रपान करणाऱ्यांच्या कक्षात बसले होते म्हणून वाचले. दुसऱ्या कक्षातील प्रवासी बुडाले. त्या अपघातात एकोणीस माणसे गेली. ही कथा आमच्या पडवीत किती वेळा सांगितली गेली असेल! तर्कशास्त्र शिकविणाऱ्या माणसाने एका उदाहरणावरून निष्कर्ष काढावा आणि गणित शिकविणाऱ्याने त्याला मान डोलवावी, हे त्या धुरातच शक्य होते.

1999 च्या पावसाळ्यात आमच्या खालच्या ओठाच्या आत एक पांढरा चट्टा दिसला. तो काढला, तपासला, तो निरुपद्रवी निघाला. आम्ही त्या दिवसापासून पाइप ठेवला. आमच्या मित्राने ठेवला नाही. पुढे तीन वर्षांनी त्याचा आवाज बसला आणि सुटला नाही. घशाचा कर्करोग म्हणजे काय, हे आम्ही त्याच्या बिछान्याशेजारी बसून पाहिले. शेवटी तो पाटीवर लिहून बोलत असे. एका संध्याकाळी त्याने लिहिले, "पडवी छान होती." आम्ही ते वाचले आणि काय म्हणावे हे सुचले नाही. पडवी छान होती हे खरेच होते.

आणखी एक गोष्ट नातवाला सांगितल्याशिवाय आम्हांला राहवले नसते. बेळगावहून कोल्हापूरला जाताना निपाणी लागते. एसटीची खिडकी उघडी असली की गाव येण्याआधी तंबाखूचा वास येई. वखारींत बायका दिवसभर तंबाखूचा चुरा चाळीत, त्याच्या धुळीत बसत, खोकत. शिवारात ओले पान खुडणाऱ्यांच्या कातडीतून निकोटिन अंगात जाते आणि मळमळ, भोवळ येते, हे आता वैद्यकाला ठाऊक आहे. 1981 साली तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकरी महामार्गावर बसले, आणि गोळीबारात त्यांच्यापैकी काहींचे प्राण गेले. आम्ही हे वृत्तपत्रात वाचले. वाचताना तोंडात पाइप होता. आमच्या डबीतील पान निपाणीचे नव्हते, कारण निपाणीचे पान मुख्यत्वे विडीचे. त्यामुळे आपला त्याच्याशी संबंध नाही असे आम्ही मानले.

ते मानणे आज आम्हांला सर्वांत जास्त टोचते. आमच्यासारख्या घरांतून विडी ओढणारा माणूस व्यसनी समजला जाई आणि पाइप ओढणारा रसिक. गड्याने परसात विडी पेटविली तर त्याला हटकले जाई, आणि दिवाणखान्यात पाइप पेटला की पाहुणे सुगंधाची स्तुती करीत. पान एकाच कुळातले, विष तेच. फरक लाकडाचा होता, डबीचा होता आणि ओढणाऱ्याच्या सामाजिक स्थानाचा होता. आपल्या जुन्या घराण्यांनी दूरदेशी येऊन अभिरुची जपली, भाषा जपली, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण अभिरुची हा शब्द आपण कधी कधी आपल्या दोषांना झूल म्हणूनही वापरला आहे, हेही मान्य केले पाहिजे.

या साऱ्या विचारात आम्हांला एक जुना प्रसंग आठवला, आणि तो आपल्या या मुलखाशी जोडलेला आहे. पोर्तुगीजांबरोबर तंबाखू आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि दख्खनभर पसरली. 1604 च्या सुमारास अकबराचा दूत असदबेग विजापुरास आला होता. तेथे त्याने तंबाखू पाहिली. आग्र्याला परतताना त्याने ती भरपूर बरोबर घेतली, आणि बादशहाला नजर करण्यासाठी एक अप्रतिम नळी सिद्ध केली. दोन्ही टोकांना रत्ने व मिनाकारी आणि तोंडाशी येमेनचा अकीक असा तिचा थाट होता. रुप्याच्या तबकात सारे सजवून त्याने ते अकबरापुढे ठेवले. बादशहाने काही झुरके घेतले. तेव्हा दरबारातील हकीमाने हरकत घेतली. त्याचे म्हणणे असे की, हे द्रव्य आपल्याला अपरिचित आहे, आपल्या वैद्यकग्रंथांत त्याचा उल्लेख नाही, परीक्षा केल्यावाचून ते बादशहाला कसे द्यावे? असदबेगाने उत्तर दिले की, जगातील प्रत्येक रीत कधीतरी नवीच होती. शहाणी माणसे जे वापरतात ते निव्वळ अपरिचित म्हणून का टाकावे? अकबराला हा युक्तिवाद आवडला. त्याने स्वतः ही सवय लावून घेतली नाही, पण सरदारांनी तंबाखू मागून मागून नेली, व्यापारी ती विकू लागले आणि रीत रूढ झाली. 1617 साली जहांगिराने बंदी घातली. तोवर फार उशीर झाला होता.

आम्ही हा प्रसंग वर्गात नव्या-जुन्याच्या वादाचे उदाहरण म्हणून सांगत असू, आणि आमची सहानुभूती नेहमी असदबेगाकडे असे. नव्याला घाबरणारा हकीम आम्हांला कर्मठ वाटे. आता पुन्हा विचार करता दिसते की हकीम बंदी मागतच नव्हता. तो एवढेच म्हणत होता की, आधी परीक्षा करा. त्याच्या हाती पुरावा नव्हता, आणि पुरावा यायला साडेतीनशे वर्षे लागायची होती. असदबेगाच्या हाती मात्र तबक होते, रत्ने होती, अकीक होता. सुंदर वस्तू समोर असताना, न आलेल्या पुराव्याचे कोण ऐकतो?

आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला येथे सापडले. नातवापुढे दोन तबके ठेवली पाहिजेत. असदबेगाचे तबक लपवून ठेवणे हा त्याच्या बुद्धीचा अपमान. तो दुसरीकडून शिकेल, आणि तेथे त्याला रत्ने तेवढी दाखविली जातील. पण हकीमाचे तबक न ठेवता केवळ असदबेगाचे पुढे करणे हे त्याहून वाईट, कारण ते प्रेमाच्या माणसाने केलेले असते. अकबराला जे मिळू शकले नाही, ते आज या मुलाला मिळू शकते. त्याला संपूर्ण हिशेब पाहता येतो. ज्येष्ठांचे कर्तव्य निवड करण्याचे नाही, हिशेब पुरा मांडण्याचे आहे. आणि त्यात आपले स्वतःचे खाते वगळता येत नाही. "धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे," हे वाक्य पूर्वी डबीवर छापलेले असे. त्यात कोणाचीच कहाणी नसे, म्हणून ते कोणी वाचत नसे.

त्या संध्याकाळी पडवीत बसून आम्ही नातवाला हे सगळे सांगितले. रिकाम्या पाइपवर बोटे फिरवून तीन थर कसे भरतात ते दाखविले. ओठाचा चट्टा सांगितला, मित्राची पाटी सांगितली, निपाणी सांगितली. आमच्या सौभाग्यवती आतून आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. तीस वर्षे तो धूर त्यांच्याही श्वासात गेला होता आणि आम्ही त्यांना एकदाही विचारले नव्हते. त्या नातवाला म्हणाल्या, "वास चांगला यायचा रे. पण मला पडद्यांना येत राहायचा." एवढेच बोलून त्या आत गेल्या. हे आम्हांला पंचवीस वर्षांनी प्रथमच कळले.

नातू बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "आजोबा, पुन्हा पंचवीस वर्षांचे झालात तर सुरुवात कराल?"

आम्ही म्हणालो, "नाही." मग खरे सांगायचे ठरलेच होते म्हणून पुढे म्हणालो, "पण त्या संध्याकाळी पाइपवाचून झाल्या असत्या की नाही, हे आम्हांला सांगता येत नाही. व्हायला हव्या होत्या. दोन माणसांनी पाऊण तास निवांत बसायला आगीची गरज पडावी, ही आमची उणीव. तुम्हां मुलांना तर तो पाऊण तास आगीनेही मिळत नाही. तू आधी तो मिळव. पाइपचे मग पाहू."

आइन्स्टाइनचा एक पाइप वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्याची मुखनळी दातांनी इतकी चावलेली आहे की तिला भोक पडले आहे. कदाचित त्याला शेवटी धूर नको होता. दातांखाली काहीतरी धरून विचार करीत बसणे तेवढे हवे होते. आम्हांला ते भोक पाहून फार जवळचे वाटते.

भाऊबीजेनंतर नातू पुण्याला परत निघाला. त्याने थोरल्या काकांचा पाइप आठवण म्हणून मागितला. आम्ही नाही म्हणालो नाही. आदल्या दुपारी वर्तमानपत्र पसरून बसलो आणि त्या पाइपच्या वाटीतील काजळीचा सारा थर चाकूच्या टोकाने खरवडून काढला, पार लाकडापर्यंत. जाणकार असे कधी करीत नाहीत. नाण्याच्या जाडीएवढा थर राखावा असे आम्हीच त्याला आदल्या दिवशी सांगितले होते, आणि तो समोर बसून पाहत होता.

"सगळा काढला?" त्याने विचारले.

"हा आमचा होता," आम्ही म्हणालो. "तुला भरायचा असेल तर तुझा तू भरशील. आमच्या काजळीवर नको."

त्याने पाइप रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला. तो आता पुण्यात त्याच्या टेबलावर असतो असे तो सांगतो. भरलेला की रिकामा, हे आम्ही विचारलेले नाही.